हौसेचे मोल : उंची कॅमेऱ्यांच्या भरवशाचा इतिहास

‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो. लग्नकार्यात, सराफाच्या पेढीवर, दिवाळीच्या खरेदीत ही म्हण हमखास कानांवर पडते. आणि बहुधा पैसे मोजून झाल्यानंतर पडते. तिची आठवण होण्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने हप्त्यांवर एक महागडा कॅमेरा घेतला होता. जत्रा-यात्रांतील लोककलावंतांची छायाचित्रे काढावीत आणि त्यांच्या आधारे आपला लघुप्रबंध लिहावा, असा त्याचा मनसुबा होता. हमीची मुदत संपून दोन महिने होतात न होतात तोच कॅमेऱ्याचे शटर अडकले. दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा ऐकून तो विभागात येऊन बसला आणि म्हणाला, “सर, सात हप्ते राहिलेत आणि कॅमेरा बंद. एवढा महाग घेतला, तो बिघडलाच कसा?”

आम्ही साहित्याचे अध्यापक. कॅमेऱ्याच्या अंतरंगाविषयी आम्ही त्याला काय सांगणार? मात्र त्याचा प्रश्न जितका यंत्राचा, तितकाच इतिहासाचाही आहे असे आम्हांस वाटले. महाग म्हणजे भरवशाचे, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की ते कधी आणि कसे तयार झाले हे आपण विचारीत नाही. हौशी छायाचित्रकाराच्या बाबतीत तरी या समीकरणाला एक इतिहास आहे. तो वाचला असता असे दिसते की, किंमत आणि भरवसा यांचे नाते प्रत्येक पिढीत बदलत गेले आहे आणि हौशी माणसाने मोजलेले पैसे दर वेळी एकाच गोष्टीसाठी मोजलेले नाहीत.

प्रथम ‘हौशी’ या शब्दाविषयी. ‘हौस’ हा शब्द मराठीत अरबी-फारसी ‘हवस’वरून आला. मूळ शब्दातील लालसेची छटा मराठीत येताना सौम्य झाली आणि तेथे उत्साह, आवड, प्रेम हे अर्थ रुजले. इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’चे मूळही लॅटिनमधील ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या शब्दात आहे. छायाचित्रणाच्या आरंभकाळी हौशी माणसाला कोणी कमी लेखीत नसे. १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तिच्या कार्यकारी मंडळात पुढे डॉ. नारायण दाजी होते. हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू आणि स्वतःही वैद्यकीचे पदवीधर. त्या काळी हौशी छायाचित्रकाराला सगळे स्वतः करावे लागे. काचेवर रसायनाचा थर देणे, ती ओली असतानाच प्रकाशित करणे, लगेच अंधाऱ्या खोलीत धुणे. साहित्य महाग होते. म्हणून हे वर्तुळ डॉक्टर, अधिकारी, व्यापारी यांच्यापुरते राहिले. परंतु चित्र फसले तर ते का फसले हे करणाऱ्याला बहुधा कळत असे. कॅमेरा म्हणजे जवळजवळ एक लाकडी पेटी आणि एक भिंग. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

ही स्थिती १८८८ मध्ये पालटली. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ नावाचा कॅमेरा २५ डॉलरना विक्रीस आणला. त्यात १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. चित्रे काढून झाली की कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलर घेऊन कारखाना चित्रे छापून देई आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी. १९०० मध्ये आलेल्या ‘ब्राउनी’ कॅमेऱ्याची किंमत तर केवळ १ डॉलर होती. येथून हौशी मंडळींचे दोन वर्ग झाले. एक, केवळ कळ दाबून समाधान पावणारा. आणि दुसरा, त्याहून अधिक काही हवे असणारा. या दुसऱ्या वर्गासाठीच पुढे उंची कॅमेरा जन्माला आला. मात्र आता यंत्राचे अंतरंग त्याच्या आवाक्याबाहेर गेले होते. जे आपणास उघडून पाहता येत नाही त्यावर विश्वास ठेवावा लागतो. हौशी माणूस प्रथमच कॅमेऱ्याबरोबर भरवसाही विकत घेऊ लागला.

उंची लहान कॅमेऱ्याचा इतिहास जर्मनीतील वेट्झ्लार या गावी सुरू होतो. तेथील अर्न्स्ट लाइट्झ कंपनी सूक्ष्मदर्शक यंत्रे बनवीत असे. ऑस्कर बार्नाक हे १९११ मध्ये तेथे रुजू झालेले यंत्रज्ञ स्वतः हौशी छायाचित्रकार होते. त्यांना दम्याचा विकार होता. काचेच्या मोठ्या प्लेटा आणि जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नसे. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून त्यांनी खिशात मावेल असा कॅमेरा पहिल्या महायुद्धापूर्वीच तयार केला होता. पण युद्ध आणि नंतरची भीषण चलनवाढ यांत दहा वर्षे गेली. १९२४ मध्ये, सल्लागारांचे मत प्रतिकूल असतानाही, कंपनीचे मालक लाइट्झ यांनी हा धोका पत्करण्याचे ठरविले आणि १९२५ च्या लाइपझिग येथील वसंत ऋतूतील व्यापारी जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला.

लायकाची निगेटिव्ह जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. ती अनेक पटींनी मोठी करून छापायची, म्हणजे भिंग, फिल्मची पातळी, शटरची गती यांत केसभराचाही फरक चालणार नाही. ही अचूकता सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारागिरांच्या हातात होती आणि किंमत तिचीच होती. किती किंमत? त्याची एक बोलकी नोंद जपानमध्ये सापडते. १९३०च्या दशकाच्या आरंभी तेथे लायकाची किंमत ४२० येन होती. आणि नामांकित बँकेत नव्याने लागलेल्या पदवीधराचा पगार होता महिना ७० येन. म्हणजे सुशिक्षित नोकरदाराचे सहा महिन्यांचे संपूर्ण वेतन!

याच काळात तोक्योतील गोरो योशिदा या तरुण तंत्रज्ञाने एक लायका पूर्ण उघडून पाहिला. आत हिरे-माणके काही नव्हती. पितळ, अॅल्युमिनियम, लोखंड आणि रबर एवढेच होते. इतक्या स्वस्त धातूंच्या वस्तूला इतकी किंमत मोजावी लागते याचा आपणास राग आला, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्या रागातून जी धडपड सुरू झाली तिचे फळ म्हणजे १९३६ साली बाजारात आलेला ‘हान्सा कॅनन’. योशिदाचा राग आणि आमच्या विद्यार्थ्याचा राग यांत काही साम्य आहे. दोघांचाही प्रश्न एकच : पैसे नेमके कशाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर लायकाच्या आरंभीच्या व्यवहारात मिळते. १९३० मध्ये लायकाला बदलता येण्याजोगी भिंगे आली तेव्हा प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याला कारखान्यात जुळवून द्यावे लागे. पुढच्याच वर्षी सर्व कॅमेऱ्यांना कोणतेही भिंग बसेल असे प्रमाणीकरण झाले. त्याहून महत्त्वाचे हे की, जुना कॅमेरा कारखान्याकडे पाठवून तो नव्या नमुन्याप्रमाणे सुधारून घेण्याची सोय होती. म्हणजे सहा महिन्यांचा पगार देऊन ग्राहकाने एक वस्तू तर घेतलीच, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या कारखान्याशी दीर्घ मुदतीचा एक करारही केला. वस्तू बिघडणार नाही असे कोणी म्हणत नव्हते. बिघडली तर ती पुन्हा चालती होईल, एवढाच त्याचा अर्थ होता.

हा मुद्दा स्पष्ट होतो तो लायकाच्या प्रतिस्पर्ध्यामुळे. ड्रेस्डेन येथील झाइस इकॉन कंपनीने १९३२ मध्ये ‘कॉन्टॅक्स’ बाजारात आणला. कागदावर तो लायकाहून सरस होता. लायकाच्या शटरची सर्वाधिक गती सेकंदाचा ५०० वा भाग, कॉन्टॅक्सची १००० वा. लायकाचे शटर रबर लावलेल्या कापडाचे. कॉन्टॅक्सचे पितळी पट्ट्यांचे, दुकानाच्या गुंडाळत्या शटरसारखे वरून खाली सरकणारे. कापडी पडद्याचा एक दोष सर्वज्ञात होता. भिंग उघडे ठेवून कॅमेरा उन्हाकडे तोंड करून पडला, तर भिंगातून एकवटलेले ऊन पडद्याला बारीक छिद्र पाडी. पितळेला ते भय नव्हते. पण त्या पितळी पट्ट्या ज्यांवर तोलल्या होत्या त्या होत्या रेशमी फिती! त्या झिजत, तुटत. कॉन्टॅक्सच्या पहिल्या नमुन्यात कंपनीला चार वर्षे पुनःपुन्हा फेरफार करावे लागले आणि १९३६ च्या ‘कॉन्टॅक्स दोन’मध्ये ते यंत्र बरेच स्थिरावले. त्याची भिंगे उत्कृष्टच होती. रॉबर्ट कापा यांनी ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काढलेली छायाचित्रे कॉन्टॅक्सचीच आहेत. परंतु आरंभीच्या वर्षांत ज्या हौशी ग्राहकांनी तो घेतला, त्यांनी एका प्रयोगाचा खर्च उचलला असेच म्हणावे लागते. फिती तुटल्या तर कॅमेरा जवळजवळ सगळा उघडावा लागे. कापडी पडदा मात्र कुशल कारागीर तुलनेने सहज बदलू शके. एकूण, गुणांची यादी आणि भरवसा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे १९३२ मध्येच सिद्ध झाले होते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. ज्यांना सहा महिन्यांचा पगार देणे अशक्य होते त्यांचे काय? साहित्याच्या वाचकांना येथे एक ओळखीचे नाव भेटेल. सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञ आणि लेखक अंतोन माकारेन्को यांनी खारकोवजवळ अनाथ, रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी जेर्झिन्स्की कम्यून चालविले. त्या कम्यूनच्या कारखान्यात १९३४ पासून लायकाची प्रतिकृती तयार होऊ लागली. तिचे नाव ‘फेद’. फेलिक्स एद्मुंदोविच जेर्झिन्स्की या नावाची ती आद्याक्षरे. युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्रीही सोव्हिएत संघात नेण्यात आली आणि १९४७ पासून कीव येथे त्याची प्रतिकृती निघू लागली. ती १९८०च्या दशकापर्यंत निघत राहिली. या स्वस्त कॅमेऱ्यांची ख्याती अशी की एक नग उत्तम निघे, तर दुसरा त्रास देई. आराखडा उतरवून घेता येतो, पण तपासणीची शिस्त तशी उतरवून घेता येत नाही. असे असले तरी लक्षावधी हौशी लोकांच्या हाती चांगल्या प्रतीचा कॅमेरा गेला तो या प्रतिकृतींमुळे, हेही तितकेच खरे. स्वस्त कॅमेरा घेणाऱ्याला भरवसा स्वतःच्या कसबाने, थोडेफार तेलपाणी करून मिळवावा लागे.

युद्धोत्तर काळात या नात्यात आणखी एक घटक शिरला. तो म्हणजे कीर्ती. स्वीडनचे व्हिक्टर हॅसलब्लाड हे बार्नाकप्रमाणेच मुळात हौशी. त्यांना पक्ष्यांच्या छायाचित्रणाचे वेड होते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपला ‘१६०० एफ’ कॅमेरा सादर केला. रचना अपूर्व, किंमत भारी आणि शटर मात्र नाजूक. कॅमेरे दुरुस्तीसाठी परत येऊ लागले. हॅसलब्लाडना शटरची गती कमी करून १९५२ मध्ये ‘१००० एफ’ काढावा लागला आणि शेवटी १९५७ च्या ‘५०० सी’मध्ये ते शटरच कॅमेऱ्यातून काढून भिंगात बसवावे लागले. तेव्हा कुठे तो विश्वासार्ह ठरला. १९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिरा यांनी ह्यूस्टनच्या एका दुकानातून तो विकत घेतला व अंतराळात नेला. त्यानंतर हॅसलब्लाड हे नाव चंद्रापर्यंत पोहोचले. त्याच्या दोन दशके आधीपासून चाललेल्या दुरुस्त्या मात्र विस्मृतीत गेल्या.

निकॉनची कथाही अशीच. १९५० मध्ये ‘लाइफ’चे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी तोक्योत निप्पॉन कोगाकूची भिंगे तपासली आणि ती आपल्या लायकाला लावून ते कोरियाच्या युद्धावर गेले. तेथील चित्रांमुळे जपानी भिंगांचा दबदबा झाला. १९५९ च्या ‘निकॉन एफ’ने तो पक्का केला. तेव्हापासून हौशी माणसाला उंची कॅमेरा विकला जातो तो बहुधा दुसऱ्याच्या अनुभवाच्या आधारावर. युद्धाच्या चिखलात टिकला, बर्फात टिकला, अंतराळात टिकला, मग तुमच्या सहलीत टिकणारच. यात खोटे काही नाही. पण एक गोष्ट निसटते. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराच्या पिशवीत दुसरा कॅमेरा असतो, संस्था दुरुस्तीचा खर्च करते आणि कंपनीचे लोक त्याचे काम आधी करून देतात. हौशी माणूस तोच कॅमेरा घेतो. मात्र त्या कॅमेऱ्याभोवतीची ही व्यवस्था त्याला मिळत नाही.

आणि कॅमेऱ्याची किंमत ही तरी पूर्ण किंमत कुठे असते? शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाई १९५०च्या दशकापासून रोलायफ्लेक्स या जर्मन कॅमेऱ्याने रस्त्यावरची माणसे टिपीत राहिल्या. २००७ मध्ये त्यांचे थकलेल्या भाड्यापोटी लिलावात गेलेले सामान इतरांच्या हाती पडले आणि एक लाखाहून अधिक निगेटिव्ह हळूहळू उजेडात आल्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना ही कीर्ती ठाऊकही नव्हती. त्या संग्रहात शेकडो रिळे धुतलीच गेलेली नव्हती. त्यामागचे कारण सर्वस्वी पैसाच होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण दाईच्या पगारात रीळ घेणे, धुणे, छापणे हा खर्च किती जड जात असेल याची कल्पना करता येते. उत्तम कॅमेरा एकदाच घ्यावा लागतो. तो चालता ठेवणे हे आयुष्यभराचे देणे असते. मायरबाईंच्या कॅमेऱ्याने दगा दिला नाही, आणि तरीही असंख्य चित्रे त्यांनी स्वतः कधी पाहिली नाहीत.

अंकीय कॅमेरा आला तेव्हा हे रिळाचे देणे संपले, असे सर्वांनाच वाटले. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ-३ वर बसविलेला ‘डीसीएस’ कॅमेरा काढला. १३ लाख बिंदूंच्या चित्रासाठी किंमत २० हजार डॉलरच्या घरात. ती वृत्तसंस्थांनाच परवडणारी होती. १९९९ चा ‘निकॉन डी-१’ ६ हजार डॉलरच्या आत आला आणि २००३ मध्ये कॅननचा ‘३०० डी’ १ हजार डॉलरच्या आत. बारा वर्षांत किंमत विसाव्या हिश्शावर आली! हौशी माणसासाठी हे मोठेच वरदान होते.

परंतु येथेच एक मूलभूत बदल घडला. जुन्या कॅमेऱ्यात फिल्म वेगळी आणि यंत्र वेगळे असे. १९३५ च्या लायकात १९८५ ची सुधारलेली फिल्म घातली की जुन्या कॅमेऱ्याला नवी दृष्टी मिळे. अंकीय कॅमेऱ्यात ‘फिल्म’ म्हणजे सेन्सर. तो आतच जडवलेला. तो जुना झाला की सगळा कॅमेरा जुना होतो, तो बिघडला की सगळा कॅमेरा बिघडतो. आणि बिघाडाला किंमत आड येत नाही. कॅननचा सुमारे साडेचार हजार डॉलरचा ‘१ डी मार्क ३’ २००७ मध्ये आला तो स्वयंचलित फोकसच्या तक्रारी घेऊनच. कंपनीला आतील छोट्या आरशाची दुरुस्ती करून द्यावी लागली. २०१२ च्या ‘निकॉन डी ६००’चे शटर दीड लाख वेळा उघडझाप करील अशी चाचणीची ग्वाही होती. प्रत्यक्षात पहिल्या काही हजार चित्रांतच अनेकांच्या सेन्सरवर ठिपके उमटू लागले. पुढच्याच वर्षी ‘डी ६१०’ आला आणि २०१४ मध्ये कंपनीने जुन्या ग्राहकांना विनामूल्य शटर बदलून देण्याचे जाहीर केले.

सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा लायकाचेच. २००९ मध्ये सुमारे ७ हजार डॉलरचा ‘एम ९’ निघाला. काही वर्षांनी त्याच्या सेन्सरवरील संरक्षक काच गंजल्यासारखी झिजू लागली. कंपनीने दोष मान्य केला, सेन्सर विनामूल्य बदलून दिले. पुढे त्या सवलतीला मुदत घातली, आणि अखेर बदलीचे सेन्सरच संपले. १९५४ चा ‘एम ३’ आजही एखादा जाणता कारागीर साफ करून, तेल घालून चालता करतो. पंचावन्न वर्षांनी धाकट्या असलेल्या भावाला त्याच कारखान्याचे दार बंद झाले. यात कारागिरी कमी झाली असे नाही. एम ९ चे पितळ, त्याची भिंगे, त्याची जोडणी सर्व पूर्वीइतकेच काटेकोर होते. पण त्या कॅमेऱ्याचे आयुष्य आता एका अशा सुट्या भागावर अवलंबून होते, जो कंपनी स्वतः बनवीत नव्हती आणि गल्लीतला कारागीर बनवू शकत नव्हता.

म्हणून आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर काहीसे असे होते. महाग कॅमेरा बिघडत नाही, असे कधीच नव्हते. १९३२ चा कॉन्टॅक्स बिघडला, १९४८ चा हॅसलब्लाड बिघडला. पूर्वी जास्त किंमत देऊन दुरुस्तीची दीर्घ शक्यता विकत मिळे. आज तीच किंमत देऊन वेग, बारकावा, अंधारातही दिसणारी नजर विकत मिळते. ह्या गोष्टी खोट्या नाहीत, पण त्यांची मुदत आखूड आहे. कॅमेरा घेताना ‘हा किती चांगला आहे’ याबरोबरच ‘हा बिघडल्यावर कोणाच्या हाती जाईल, किती वर्षे त्याचे भाग मिळतील आणि तो बंद पडला तर माझे काम थांबेल का’ हे विचारले पाहिजे. व्यावसायिक माणूस हे विचारतोच, कारण त्याची भाकरी त्यावर असते. हौशी माणूस विचारीत नाही. हौसेला मोल नाही, असे त्याला शिकविलेले असते.

आपल्या हवेविषयीही एक शब्द. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कपाटात जपून ठेवलेल्या भिंगांना बुरशी धरते. अंधार, ओल आणि कोंदटपणा तिला मानवतो. वापरातल्या, हवा-उजेड लागलेल्या भिंगांना ती सहसा धरीत नाही. महागाची वस्तू म्हणून जी कपाटाबाहेर काढलीच जात नाही, ती अशा रीतीने जपल्यामुळेच खराब होते. हे कोणत्याही कंपनीच्या हमीपत्रात बसत नाही.

त्या विद्यार्थ्याने पुढे आपल्याकडचे एक लांब पल्ल्याचे भिंग विकून शटर दुरुस्त करून घेतले. मध्यंतरीचे काम अडू नये म्हणून मामांकडचा जुना, कमी ऐपतीचा कॅमेरा नेला. लघुप्रबंधातील चांगली म्हणून आम्ही ज्या चित्रांवर खुणा केल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक त्या मामांच्या कॅमेऱ्याची निघाली. त्याला ते सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “सर, तो पडेल-झडेल याची भीती नव्हती ना! म्हणून जवळ गेलो.” हप्ते अजून तीन राहिले आहेत.